परदेशचा बातमीदार, मुक्काम लोणावळे

११ ऑगस्ट १९३५, रविवार. दुपारी.

निर्णय झाला. मी परदेशचा बातमीदार होणार. कुणाचा नोकर म्हणून नव्हे, फ्रीलान्स. म्हणजे मालक नाही, हजेरीपट नाही, घंटा नाही. जिथे लढाई तिथे आपण. लिहायचं आणि पाठवायचं. छापायचं त्यांनी.

इटली अबिसीनियावर चालून जाणार हे आता पक्कं आहे. अबिसीनिया डोंगराळ. लंडनच्या सपाटीवरून उठून गेलेल्या बातमीदारांना तिथे धाप लागेल. मी चौदा वर्षं लोणावळ्यात आहे. घरापासून शाळेपर्यंत सगळा चढच. शिवाय हायस्कुलात भूगोल शिकवतो. सगळं जुळून येतं आहे. वय एक्केचाळीस, म्हणजे अनुभवी.

उणीव एकच. समुद्र पाहिलेला नाही. मुंबईला दोनदा गेलो, दोन्ही वेळा मयतीला. तिथून समुद्र बघायला जाणं बरं दिसलं नसतं. चौदा वर्षं फळ्यावर निळ्या खडूने महासागर काढतो आहे. पोरं विचारतात, सर, खरंच एवढा निळा असतो का? मी म्हणतो, याहून निळा. हे कुणाला सांगितलेलं नाही.

सौ.ला (अरुंधतीला) निर्णय सांगितला. ती म्हणाली, चार दिवस झाले कपडे वाळत नाहीयेत, आधी तुमचं धोतर शेगडीवर धरा. धरलं. थोडं जळलं.

१२ ऑगस्ट, सोमवार.

लंडनच्या 'इम्पीरियल लँटर्न' या साप्ताहिकाकडे अर्ज करायचं ठरवलं. वाण्याने गूळ बांधून दिला त्या कागदावर संपादकाचा पत्ता होता. अंक दोन वर्षांपूर्वीचा आहे. पण वर्तमानपत्रं अशी पटकन मरत नाहीत.

माझा पत्ता शाळेचा देणार. घराचा पत्ता 'पिठाच्या गिरणीमागे' असा आहे. लंडनला ते कसं दिसेल? हेडमास्तर कापडियासाहेबांची परवानगी घेतली. पारशी गृहस्थ, मोठ्या मनाचे, वेड एकच, पोस्टाची तिकिटं जमवण्याचं. म्हणाले, पत्ता खुशाल द्या, पण तिकीट माझं. कबूल केलं. आमचे केशवदादा अकरा वर्षं मोंबासाला रेल्वेत आहेत. त्यांच्या पत्रांवरची तिकिटंही मी भिजवून, सुटी करून साहेबांना देतोच.

लगेहात वर्षभराची रजा मागितली. साहेब म्हणाले, आधी पत्र तर येऊ दे. माणूस चांगला, पण दूरदृष्टी नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार. रात्री.

अर्जासोबत लढाईचा नमुना-मजकूर हवा. देवाच्या कृपेने जवळच्या भाजे गावात लढाई सुरू झाल्याचं काल कळलं. आमच्याकडे तांदूळ घालणारे कोंडाजी आणि त्यांचे चुलतभाऊ रखमाजी. भाताच्या खाचराच्या बांधावरून. आज अर्धी शाळा. मळवलीपर्यंत गाडीने, पुढे चालत. छत्री, शिट्टी, मेणकापडात वही.

भाज्यात पोचलो तर दोन्ही सैन्यं एका झाडाखाली बसून एका फडक्यातली भाकरी खात होती.

मी विचारलं, लढाई? कोंडाजी म्हणाले, भांडान व्हय? ते काल व्हतं मास्तर. आज बेणणी हाय, तन काढायचंय.

मी सोडणार थोडाच. खोदून खोदून विचारलं. रखमाजीने बांध फोडून पाणी आपल्या खाचरात घेतलं. त्यावर कोंडाजीने त्याचं खोरं लपवलं. पण कोंडाजीचं स्वतःचं खोरं मोडलेलं, म्हणून तो लपवलेलंच वापरत होता. रखमाजी म्हणाला, खोरं ह्याच्याकडं हाय, मंग म्या जानार कुटं? हितंच बसतुया. कोंडाजी म्हणाला, बसलाच हाय तर म्हनलं भाकरी खा. यात गोळीबार कुठे बसवायचा? परतताना मी स्वतः खाचरात पडलो. दोन्ही सैन्यांनी मिळून ओढून काढलं.

घरी येऊन मजकूर लिहायला घेतला. तीन ठार, अकरा जखमी असा आराखडा होता. पण टपाल सुटायची वेळ झाली आणि कल्पना जोडायला सवड मिळाली नाही. जसं घडलं तसंच गेलं, खोऱ्यासकट आणि माझ्या पडण्यासकट. फार चुटपुट लागली आहे. पहिलाच घास आणि त्यात खडा.

२५ ऑगस्ट, रविवार.

हिशेब केला. पत्र जायला सोळा दिवस, उत्तर विमानाने आठ. सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नेमणूक हातात.

तोवरचे संकल्प: १) मिशा वाढवणे. बातमीदाराच्या फोटोत मिशा लागतात. २) घोड्यावर बसायला शिकणे. ३) इटालियन भाषा. ४) रोज थंड पाण्याने अंघोळ.

संध्याकाळी. घोड्यावर बसलो. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसल्याने घोडेवाल्याने स्वस्तात दिला. घोडा पाच मिनिटं माझ्या मर्जीने चालला, मग स्वतःच्या मर्जीने वळवणला आपल्या तबेल्यात गेला. मी चालत परत आलो. घोडी अबिसीनियातली निराळी असतात. थंड पाण्याची अंघोळ उद्यापासून.

१ सप्टेंबर, रविवार.

महत्त्वाचा नियम. आजपासून लोणावळे सोडायचं नाही. नेमणूक कोणत्याही टपालाने येईल आणि 'ताबडतोब निघा' असंच म्हणेल. मी जागेवर हवा.

म्हणून तळेगावला मेहुण्याच्या मुलाच्या बारशाला नकार दिला. सौ. एकटी जाणार. तिने विचारलं, परदेशी निघालेल्या माणसाला तळेगाव लांब पडतं का? बायकांना तत्त्व समजत नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार.

तळेगावच्या एका शाळेतून विचारणा आली. पहिल्या असिस्टंट मास्तराची जागा, पगार जास्त, राहायला घर. उलट टपाली नकार कळवला. उद्या अदिस अबाबाला जाणाऱ्याने तळेगावात अडकून पडू नये.

सौ.ला सांगितलं. आमटीत मीठ नव्हतं.

११ सप्टेंबर, बुधवार.

पाऊस. भिंतीला हात लावला तर ओला होतो. ट्रंक भरून ठेवली होती, आतल्या कोटावर बुरशी आली. उपसली, पुसली, परत भरली. ही तिसरी खेप.

भाज्यात दुसरी लढाई झाली म्हणतात, या वेळी म्हशीवरून. जाता आलं नाही. खंडाळ्याला तर चालत तासाभरात जाता येतं, तेही जाता येत नाही. तेवढ्यात पत्र आलं तर? सकाळी टपाल येईपर्यंत शाळेतून हलत नाही, संध्याकाळी तार आली तर म्हणून घरातून हलत नाही. काल स्टेशनपर्यंत गेलो आणि उगाच धावत परत आलो. मुंबईची गाडी घाट उतरते तेव्हा घरात आवाज येतो. पूर्वी लक्षात येत नसे. आता प्रत्येक गाडी ऐकू येते.

मिशा बऱ्या आल्या आहेत. डावी बाजू मागे आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार.

दादांचं पत्र दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत येतं. या महिन्यात नाही. सौ.ला काळजी. मी म्हटलं, बोट चुकली असेल. माझ्या डोक्यात लंडनचंच पत्र. दादांचा विचार दिवसातून एकदासुद्धा केला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार. रात्री.

आज विनोद सुचणार नाही.

अंगात कणकण होती म्हणून शाळेत गेलो नव्हतो. चारच्या सुमाराला शाळेचा शिपाई नथू आला. टाकव्याचा म्हातारा माणूस, एरवी सरळ ओटीवर येऊन बसतो. आज भर पावसात अंगणातच उभा राहिला. हात लांब करून पाकीट धरलेलं. म्हणाला, मास्तर, तुमच्या खणात टपाल व्हतं. पर कागूद फाटका हाय. म्या आत येत न्हाई.

पाकिटाचा वरचा कोपरा नव्हता. मयतीच्या पत्राचा कोपरा फाडतात आणि तसं पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. दारातच वाचायचं, फाडायचं, अंघोळ करायची. अक्षरं पावसाने पुसली होती, 'इंडिया' एवढंच लागत होतं. पत्ता टाइप केलेला. म्हणजे कचेरीतून आलेलं. कोपरा फाडलेला, म्हणजे लंडनचं नव्हे; मग परदेशातून मला कोण लिहिणार? तिकिटाचा पत्ताच नाही, पण दादांशिवाय परदेशात माझं आहे कोण? त्यात पितृपंधरवडा चाललेला. मला जागच्या जागी उमगलं. रेल्वेच्या साहेबाने कळवलं होतं.

बोट घालून पाकीट उघडणार, तर सौ.ने माझं मनगट धरलं. रडत म्हणाली, वाचू नका हो. वाचून का भाऊजी परत येणार आहेत? त्यातलं एकेक अक्षर जन्मभर डोळ्यांपुढून जायचं नाही. मलाही धीर नव्हता, हे खरं. न वाचताच फाडलं. चार तुकडे, मग आठ, मग मोजले नाहीत. गिरणीमागच्या ओढ्यात सोडले. डोक्यावरून पाणी घेतलं.

वडील गेले तेव्हा दादा सोळा वर्षांचे होते. शाळा सोडून कामाला लागले ते मी मॅट्रिक व्हावं म्हणून. जाताना बंदरावर पोचवायलाही येऊ दिलं नाही, म्हणाले, तुझ्या शाळेतल्या पोरांची परीक्षा जवळ आली आहे. मी त्यांना दर महिन्याला अर्धा कागद लिहीत असे. तोही घाईत.

२१ सप्टेंबर, शनिवार.

भटजी आले. तिथी माहीत नाही म्हणून कळल्या दिवसापासून दहा दिवस सुतक. दादांना मूलबाळ नाही, तेव्हा सगळं मलाच करायचं. भटजींनी सुचवलं, मोंबासाला एक तार करून खात्री करावी. मी विचारलं, तार करायची कुणाला? ज्याला करायची तो गेला. शिवाय बातमीदाराला दिसतं त्यावरून अनुमान काढता आलं पाहिजे. लिफाफा पाहिला की मजकूर समजतो. भटजींनी सामानाची यादी काढली.

क्षौर झालं. मिशाही गेल्या.

शाळेला चिठ्ठी पाठवली. नथूने निरोप आणला की कापडियासाहेब काल दुपारीच डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला गेले, पंधरा दिवस नाहीत. बरं झालं. त्यांना दुःख झालं असतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार.

सुतकात शाळा नाही, पूजा नाही. लेखणीला मात्र सुतक नसतं. दादांवर मृत्युलेख लिहिला. लिहिताना दोनदा उठावं लागलं. 'रेल्वेच्या रुळांवर कर्तव्य बजावत असता' असं लिहिलं. कसे गेले ते माहीत नाही, पण दादा अंथरुणात जाणारे नव्हेत. पुण्याच्या 'घाटमाथा' साप्ताहिकाकडे धाडला.

चार दिवसांत लंडनचं टपाल विसरलो होतो. आज आठवण झाली. आलं नाही. आता आलं तरी सुतक फिटल्याशिवाय निघता येणार नाही. सगळीकडून दोर बांधल्यासारखं झालं आहे.

२९ सप्टेंबर, रविवार. दहावा दिवस.

'घाटमाथा'चा अंक आला. मजकूर छापला आहे! 'परदेशवार्ता' या सदरात, पहिल्याच पानावर. 'आफ्रिकेत लोणावळ्याच्या सुपुत्राचे निधन.' आणि खाली, 'आमच्या परदेशच्या बातमीदाराकडून.'

पुन्हा पुन्हा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं, हे मला नीट सांगता येत नाही. दादा गेल्याचं होतंच. पण या ओळीचंही होतं. दादांनी जाता जाता धाकट्याचं काम केलं. सहा प्रती मागवल्या.

दुपारी भाज्याहून कोंडाजी समाचाराला आले. पायलीभर तांदूळ ओटीवर ठेवला. मग विचारलं, मास्तर, कागदात काय लिवलं व्हतं? मी सांगितलं, वाचला नाही. मग अनुमानाची पद्धत समजावून दिली. ते म्हणाले, आसंल बा. आमी आडाणी. आमी आपलं दुसऱ्याकडनं का हुईना, वाचून घेतो आन् मंग फाडतो.

ग्रामीण लोकांना पुराव्याचं फार वेड.

१ ऑक्टोबर, मंगळवार.

शाळेत रुजू झालो. टोपीखालचा गोटा पाहून पोरांनी आपापल्या टोप्या सावरल्या. पोरांना 'घाटमाथा'चं कात्रण वाचून दाखवलं. पूर्व आफ्रिकेचा नकाशा काढला. मोंबासाशी खडू मोडला.

३ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी.

दादांचं पत्र आलं.

घरच्या पत्त्यावर, त्यांच्या अक्षरात. लिहितात, गेल्या महिन्यात बदलीची गडबड होती, पत्र राहिलं. आता बढती मिळाली. पापड आणि मेतकूट पाठव, इथलं जेवण मचूळ लागतं.

मी प्रथम शांतपणे विचार केला. पत्र मरण्याआधी लिहिलेलं असणार, टपाल मागेपुढे होतं. पण वर तारीख २२ सप्टेंबर. दादांना तारखा कधी जमल्या नाहीत, असं म्हणून पाहिलं. तेवढ्यात सौ.ने आत शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'आज वृत्तपत्रात अमुक वाचले' म्हणून २१ तारखेची बातमी होती.

सौ. देवापुढे जाऊन बसली आणि मोठ्याने रडली. मी ओटीवर बसून रडलो. दादा जिवंत आहेत. दादा जिवंत आहेत. मेतकूट आजच करायला घेतलं.

संध्याकाळी. 'घाटमाथा'ला दुरुस्तीची तार केली. त्यांचं उत्तर आलं: परदेशची बातमी आम्ही छापून झाल्यावर तपासत नाही.

मग ते फाटकं पाकीट कुणाचं होतं? पत्त्याची गफलत असणार. कुणा दुसऱ्या घरचं दुःख माझ्या खणात पडलं. कुणाचं का असेना, त्यांना दहा पिंड मिळाले.

५ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी.

इटलीने अबिसीनियात सैन्य घातलं. पेपरात मोठे मथळे आहेत. ते आता बाजूला राहू देत.

कापडियासाहेब परत आले. डोळ्यावर हिरवी झडप. मला खोलीत बोलावून पहिल्यांदा हात धरला आणि डोळ्यात पाणी आणून म्हणाले, भाऊचं ऐकलं, वाईट झालं. मी म्हटलं, भाऊ जिवंत आहे. त्यांनी माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं. मग विषय बदलावा म्हणून त्यांनी अल्बम उघडला.

लंडनची ज्युबिलीची तिकिटं, दोन, जोडून. आता मिळत नाहीत ती. साहेब आनंदाने सांगत होते. म्हणे, तुमचं लंडनचं पाकीट आलं त्या दिवशी मी गाडीला निघालो होतो. तुम्ही नव्हते. मला राहवेना. कात्रीने अख्खा कोपराच कापून घेतला, शिक्क्यासकट, तिकिटाला धक्का नको म्हणून. पाकीट तुमच्या खणात ठेवलं. काय लिहिलं होतं लंडनने?

मी म्हटलं, अजून विचार करतो आहे.

ते पारशी. फाटक्या कोपऱ्याची रीत त्यांना कुठून ठाऊक असणार? नथूला ठाऊक होती. सौ.ला होती. मला होती. ठाऊक असणाऱ्या तिघांनी मिळून केलं.

६ ऑक्टोबर, रविवार.

पहाटेपासून गिरणीमागच्या ओढ्यात. नथूला बरोबर घेतलं. गुडघाभर पाण्यात दगड उलथे केले. एक चिंधी सापडली, ती गिरणीतली. नथूला विचारलं, कागद किती लांब गेला असेल? तो म्हणाला, ह्यो वढा इंद्रायनीला मिळतो मास्तर. आतापावतर आळंदी गाठली आसंल. मग स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागला. त्याचा हात धरावा लागला.

लंडनला विमानाच्या टपालाने पत्र: आपले उत्तर गहाळ झाले, नक्कल धाडावी. मला खात्री आहे की ती नेमणूकच होती. इतकी खात्री मला या आधी कधीच नव्हती.

९ ऑक्टोबर, बुधवार.

दुपारी खात्री वाटते की नेमणूक होती. रात्री खात्री वाटते की नकार होता. नकार असावा असं मी मनाशी म्हणतो आहे, हे आज प्रथमच लक्षात आलं.

सौ. जेवत नाही. तिला कापडियासाहेबांच्या तिकिटाचं सांगायला नको होतं. भात कालवते आणि तसाच ठेवते. दिवसातून तीनदा विचारते, काय असेल हो त्या पाकिटात? मीच तुमचा हात धरला. माझं ऐकलं नसतंत तर? काल रात्री अंधारात म्हणाली, तुम्ही गेला असतात, मी अडवलं असं जन्मभर व्हायचं आता. मी म्हटलं, झोप. दोघंही जागे होतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार.

'इम्पीरियल लँटर्न'चं पत्र आलं. माझ्या गेल्या रविवारच्या पत्राचं उत्तर नव्हे, ते अजून वाटेत असेल. हे त्यांनी आपण होऊन पाठवलेलं. कापडियासाहेबांनी स्वतः घरी आणून दिलं आणि ओटीवर न टेकता निघून गेले.

उतरून ठेवतो. 'आमच्या १२ सप्टेंबरच्या पत्राला आपले उत्तर आले नाही. आपण २५ तारखेपर्यंत तार करून २८ तारखेच्या बोटीने मुंबईहून जिबुतीला निघावे आणि तेथून तीन महिने मजकूर पाठवावा, असे आम्ही सुचविले होते. वाट पाहून नाइलाजाने एडनच्या एका गृहस्थांना नेमले आहे. दोन चुलतभाऊ आणि एक खोरे यांची आपली हकीकत आमच्या कचेरीत सर्वांनी वाचली. एक बातमीदार चिखलात पडतो आणि तसे लिहितो, हे आमच्याकडे बरेच दिवसांत घडले नव्हते. हकीकत छापत आहोत. असा माणूस हातचा गेला याचे वाईट वाटते.'

२८ तारखेला मी इंद्रायणीकाठी बसून जिवंत भावाचा नववा पिंड ठेवत होतो.

तळेगावची जागा भरली. लंडनची जागा भरली. इथली माझी आहे. सोमवारी पहिला तास इंग्रजी चौथीचा.

पत्र दोनदा वाचलं. मान वर केली तर सौ. दारात उभी. पदराचं टोक मुठीत.

मी तिला सांगितलं, नकार आहे. मजकूर पसंत नाही, पुन्हा पाठवू नये असं म्हणतात. तिने विचारलं, आणि ते पहिलं? मी म्हटलं, त्यातही हेच लिहिलं होतं म्हणे, मी उत्तर दिलं नाही म्हणून परत कळवलं. ती म्हणाली, खरं? मी म्हटलं, खरं. देवाशपथ म्हणा, म्हणाली. म्हटलं.

ती दारातच खाली बसली. मग हसायला लागली. म्हणाली, मेले लंडनचे, त्यांना काय कळतंय तुमचं लिहिणं. दोन-दोनदा कशाला कळवायचं? मग उठून तोंड धुतलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. वर माझं वाईट वाटू नये म्हणून रवा भाजायला घेतला.

तिला इंग्रजी येत नाही. पत्र टेबलावर उघडंच पडलं आहे. शिऱ्यात वेलदोडा जास्त झाला होता, पण मी दोनदा मागून घेतला.